वळणोबा आणि न पडलेलं स्वप्न

एका गावात एक नियम होता, आणि त्या नियमाला 'का?' असं विचारायचं नाही, हा त्याच्याही वरचा नियम होता.

गावाच्या वरच्या अंगाला डोंगराला वळसा घालून रस्ता खाली उतरत असे. त्या वळणावर, डोंगराच्या बाजूला, शेंदूर लावलेला एक देव बसलेला होता. गावाने त्याचं नाव ठेवलं होतं वळणोबा. वळणोबासमोरून जाणाऱ्याने दोन्ही हात जोडायचे, हा तो नियम. चालणारा असो, सायकलवाला असो, मोटारसायकलवाला असो की टेम्पोवाला. एक हात चालणार नाही. दोन्ही हात, छातीशी, डोळे मिटून.

आता ते वळण कसं होतं? एका बाजूला डोंगराची उभी भिंत, दुसऱ्या बाजूला दरी. वरून येणाऱ्याला खालचा दिसत नसे आणि खालून येणाऱ्याला वरचा. आणि नेमकं त्याच जागी सगळं गाव हँडल सोडून डोळे मिटत असे!

मग व्हायचं तेच व्हायचं. एकदा गवळ्याच्या दुधाच्या किटल्या दरीत गेल्या आणि त्यांच्यामागून जाता जाता गवळी थोडक्यात राहिला. एकदा वऱ्हाडाची जीप भिंतीला घासली आणि नवरदेव मुंडावळ्यांसकट दवाखान्यात पोचला. दर वेळी गाव म्हणायचं, "नमस्कारात काहीतरी कमी पडलं." मग नारळ फुटायचा, आणि दुसऱ्या दिवसापासून लोक आणखी जास्त वेळ डोळे मिटायचे.

त्या गावात वैजू नावाची मुलगी होती. कॉलेज पुरं करून ती नुकतीच घरी परतली होती. तिची धाकटी बहीण ठकू सातवीत होती. गावातली शाळा चौथीपर्यंतच, म्हणून ठकू आणि तिच्या मैत्रिणी सायकलवरून वळणापलीकडच्या गावात शाळेला जात. ठकूला शाळा इतकी आवडायची की सुट्टीच्या दिवशीही ती दप्तर भरून ठेवायची.

एके दिवशी त्या वळणावर ठकूच्या मैत्रिणीला एका मोटारसायकलने उडवलं. मुलगी आपल्या बाजूने नीट चालली होती, घंटी वाजवत होती. मोटारसायकलवाल्याचे दोन्ही हात मात्र छातीशी होते. पोरीचा पाय मोडला.

संध्याकाळी चावडीवर पंच बसले. मधोमध गावाचा प्रमुख आबा पाटील, एका बाजूला देवाची पूजा करणारा गुरव, दुसऱ्या बाजूला गावातले सगळ्यांत म्हातारे तात्या. बराच खल झाला आणि पाटलाने निकाल दिला.

"मोटारसायकलवाल्याची चूक नाही. त्याने नियम पाळला. उद्यापासून पोरींनी वळणापलीकडे जायचं नाही. पोरींच्या जिवाची काळजी आहे आम्हाला."

ठकूने बहिणीचा हात घट्ट धरला. सोमवारी तिची सहामाही परीक्षा सुरू होणार होती.

वैजू उभी राहिली. "आणि मुलगे?"

"मुलगे जातील की," गुरव म्हणाला. "मुलगे नमस्कार करतात."

"ठकूही करते."

"अगं, पोरीच्या जातीने सायकलवर हात सोडले तर तोल जाऊन पडायची ना!"

"म्हणजे हात सोडले की माणूस पडतं, हे तुम्हाला माहीत आहे तर!" वैजू म्हणाली.

मागे बसलेल्या बायकांमध्ये कोणीतरी फिस्सकन हसलं. पाटलाने मान वळवून पाहिलं, तेव्हा सगळ्या पदर सारखे करत होत्या.

तात्या मात्र तापले. "ए पोरी, आम्ही जन्मभर हात जोडत आलो. कासरा सोडून द्यायचा, खुशाल डोळे मिटायचे. कधी खरचटलंसुद्धा नाही. का? तर श्रद्धा होती!"

"कासरा सोडायचात, मग गाडी कोण वळवायचं, तात्या?"

"कोण म्हणजे? बैल! माझा ढवळ्या तर वळण आलं की आपणहून पाय जपून टाकायचा. माणसापेक्षा शहाणा होता तो."

"बरोबर आहे. नियम केला तेव्हा गाडीला बैल होते आणि बैलांना डोळे होते. आता टेम्पो आहे. टेम्पोला डोळे कुठले?"

चावडीवर एकदम कुजबुज उठली. ढवळ्याचं कौतुक आपण करायला नको होतं, असं काहीसं तात्यांच्या चेहऱ्यावर आलं.

"बस्स!" पाटील गरजला. "नियमाला 'का' विचारायचं नाही. निकाल झाला."

पण वैजूच्या अंगात ठिणग्या उडत होत्या. शनिवारी सकाळीच ती बादलीभर चुना कालवून वळणावर गेली. सोबत कुंचा घेऊन ठकू. दोघींनी दरीच्या कडेचे धोंडे पांढरेफेक करून टाकले. मग वैजूने एका फळीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'थांबा. उतरा. मग दोन्ही हात जोडा.' आणि फळी वळणाच्या वरच्या अंगाला, जिथे रस्ता रुंद होता तिथे, बाभळीला बांधली.

"ताई, वळणोबा रागावेल का गं?" ठकूने विचारलं.

"उलट बरं वाटेल त्याला. आत्तापर्यंत सगळे भुर्रकन निघून जायचे. आता त्याच्याकडे दोन क्षण उभं राहून बघतील तरी."

दुपार व्हायच्या आत पाटलाचा गडी आला आणि फळी काढून घेऊन गेला. जाताना बिचारा म्हणाला, "माझ्यावर राग धरू नका, वैजूताई. अक्षर लई छान आहे."

फळी गेली. मग वैजूने ठरवलं, आता फळीच्या जागी मीच. ठकूला तिने घरी पाठवलं आणि स्वतः चुन्याची रिकामी बादली घेऊन वळणाच्या ऐन बाहेरच्या कडेला, पांढऱ्या धोंड्यांपाशी उभी राहिली. त्या एकाच जागेवरून रस्त्याच्या दोन्ही बाजू दिसत.

उन्हं कलायला लागली आणि वरून गाण्यांचा आवाज आला. पाटलाची सून बाळंतपणानंतर माहेरहून घरी येत होती. टेम्पोत मागे बायका गाणी म्हणत होत्या, मधोमध सून, तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. पुढे ड्रायव्हरशेजारी खुद्द आबा पाटील, नवा फेटा बांधून. नातू पहिल्यांदा गावात येणार, मग आबांचा रुबाब काय विचारता!

त्याच वेळी खालून धडधडत उसाने भरलेला ट्रॅक्टर चढत होता.

वैजूने एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं. तिने ओढणी काढून ट्रॅक्टरवाल्याकडे जोरजोरात हलवली. "थांब! तिथंच थांब!" ट्रॅक्टरवाल्याने कचकन ब्रेक दाबला. पण पुढचं तोंड वळणात आलंच होतं. अर्धा रस्ता अडला.

टेम्पो खाली येतच होता. आतून पाटलाचा आवाज आला, "वळणोबा आला रे! हात जोडा!" ड्रायव्हरने हात जोडले. डोळे मिटले. पाटलानेही मिटले. मागच्या बायकांनी गाणं थांबवून डोळे मिटले. टेम्पो वळायच्या ऐवजी सरळ दरीकडे निघाला!

"डोळे उघड! अरे, डोळे उघड!" वैजू जिवाच्या आकांताने ओरडली. कोणाला ऐकू जाईना. मग तिने हातातली बादली गरगर फिरवली आणि नेम धरून टेम्पोवर भिरकावली.

धाड्!

बादली बॉनेटवर आदळली, उडाली, खिडकीशी फुटली. तळाशी राहिलेल्या चुन्याचे शिंतोडे थेट पाटलाच्या नव्या फेट्यावर. ड्रायव्हरने दचकून डोळे उघडले, स्टिअरिंग पकडलं आणि सगळा जीव ब्रेकवर टाकला. टेम्पो घासत, करकरत पुढे आला आणि कडेच्या एका पांढऱ्या धोंड्याला टेकून उभा राहिला.

टेकताच धोंडा हलला, निसटला आणि दरीत गेला. तो खाली जाऊन आपटल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला की टेम्पोतल्या प्रत्येकाला दरी किती खोल आहे ते आयुष्यात पहिल्यांदाच कळलं.

मग बाळ रडलं. ते ऐकून सगळ्यांचा श्वास सुटला.

सून उतरली ती धडपडत वैजूकडे आली. तिने बाळ उचलून वैजूच्या हातात दिलं आणि रस्त्यातच बसून रडायला लागली. ट्रॅक्टरवाला घाम पुसत म्हणाला, "ताई, तुम्ही नसता तर माझा ऊस आणि यांचा टेम्पो, दोन्ही खाली शोधायला लागले असते."

संध्याकाळी पुन्हा चावडी भरली. या वेळी सगळं गाव आलं होतं. पाटलाच्या फेट्यावरचे डाग तसेच होते. पण आधी तिन्ही पंचांनी वैजूला चावडीच्या ओसरीवर बाजूला बोलावलं. ठकू तिच्या पाठीमागे उभी राहिली.

पाटलाचा आवाज आज मऊ होता. "वैजू बाळा, तू म्हणतेस ते होईल. फळी परत लावू. कठडा बांधू, डोंगर फोडून रस्ता रुंद करू. गाडी थांबवूनच नमस्कार. आणि पोरींची शाळाही सुरू."

ठकूने आनंदाने उडीच मारली.

"फक्त एक काम कर," गुरव हळूच म्हणाला. "लोकांसमोर सांग, की काल रात्री वळणोबा तुझ्या स्वप्नात आला. म्हणाला, माझा नियम बदला. एवढंच."

"पण तो आला नव्हता, काका."

"अगं, नसेल आला! पण असं सांगितलं की लोक ऐकतात. कोणाला वाईट वाटत नाही. आमच्या बापजाद्यांचीही लाज राहते. तुझ्या वाट्याला मानपान. नारळ, साडीचोळी, जे म्हणशील ते."

"आणि आमचं वय बघ," तात्या म्हणाले. "या वयात कुठं आम्हाला चुकीचं ठरवतेस? एक वाक्य आहे. बोलून टाक की पोरी."

वैजूने ठकूकडे पाहिलं. ठकूचे डोळे म्हणत होते, ताई, म्हण ना हो. एक वाक्य, आणि सोमवारी परीक्षा. नाहीतर पुन्हा तोच निकाल.

मग वैजू वळली आणि भरल्या चावडीसमोर येऊन उभी राहिली.

"ऐका," ती म्हणाली, "पंच मला सांगतायत की वळणोबा माझ्या स्वप्नात आला असं मी तुम्हाला सांगावं. तो आला नाही. मी जागी होते. भर दिवसा त्या कडेला उभी होते, आणि जे दिसलं ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं. डोळे मिटलेला ड्रायव्हर, अडलेला ट्रॅक्टर आणि आईच्या मांडीवरचं बाळ. हे पाहायला देव स्वप्नात कशाला यायला हवा?"

"वैजू!" पाटील ओरडला.

"नाही, आबा. मी खोटं बोलणार नाही. आज माझ्या स्वप्नाने नियम बदलला, तर उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी स्वप्नाने तो परत येईल. आणि ओढ्यावरचा पूल खचलाय, त्याने कोणाच्या स्वप्नाची वाट बघायची? शाळेचं छप्पर गळतंय, त्याने कोणाच्या? देवाला मीही हात जोडते, उतरून जोडते. पण चूक झाली तर चूक झाली म्हणायचं. सोमवारी ठकू परीक्षेला जाणार. तिच्या मैत्रिणीही जाणार. मी वळणावर उभी राहून दोन्हीकडच्या गाड्या थांबवणार. ज्याला मला अडवायचं असेल, त्याने आत्ता, इथे, या सगळ्यांसमोर सांगावं की का."

पाटलाने गुरवाकडे पाहिलं. गुरवाने तात्यांकडे पाहिलं. तात्या जमिनीकडे बघत राहिले. पाटलाची सून बाळाला घेऊन बायकांतून उठली आणि काही न बोलता वैजूच्या शेजारी येऊन उभी राहिली.

तिघांपैकी एकानेही हो म्हटलं नाही. आणि त्या गावात पहिल्यांदाच, एकानेही नाही म्हटलं नाही.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: उघड्या डोळ्यांनी दिसलेलं सांगायला स्वप्नाचा आडोसा घेऊ नये, आणि ज्या नियमाला 'का' विचारलेलं चालत नाही, त्याला ते सगळ्यांत आधी विचारावं.