मांजराची वाट

शेलवडीचं दगडी कोठार पाच पिढ्यांचं. दुष्काळात गावाला पुरावं म्हणून त्यात धान्य साठवत, आणि दरसाल त्यातलं निम्मं नाहीसं होई. कारभारी त्र्यंबकपंत सुस्कारा सोडून म्हणत, "उंदरांनी खाल्लं."

शेवटी कोठार पुन्हा मूळच्यासारखं करायला जहागीरदारीणबाईंनी सटवाजी गवंड्याला लावलं. जुना गिलावा खरवडताना त्याला दाराशेजारी वीतभर भोक सापडलं. कुणीतरी ते लिंपून टाकलं होतं. त्यानं ते मोकळं केलं.

पाहणीच्या दिवशी बाईसाहेबांसमोर पंत कडाडले, "डागडुजी करायची सोडून भोकं पाडतोस? आत्ताच्या आत्ता बुजव."

"मी नाही पाडलं, पंत. मांजराला आत जायला बांधणाऱ्यांनीच ही वाट ठेवलेली," सटवाजी म्हणाला. "बुजवतो की, घमेलंभर चुन्याचं काम. पण उंदरांचा एवढा जाच सोसणारा माणूस मांजराची वाट का अडवतो, तेवढं बाईसाहेबांना सांगा."

बाईसाहेबांनी पंतांकडे हात पुढे केला.

"भोक राहू दे, सटवाजी. पंत, किल्ली इकडे द्या."

त्या वर्षी धान्य पायलीभरही घटलं नाही. त्या वाटेनं आत जाऊ लागलेलं मांजर मात्र उंदीर मिळेनात म्हणून वाळलं, तेव्हा बाईसाहेबांनी त्याला रोज वाटीभर दूध सुरू केलं.