बारा रंगांची नाव

नदीकाठच्या एका परगण्यात बारा गावं होती आणि त्यांचा कारभार विसाजीपंत नावाचे सुभेदार पाहत. पंत मनाने चांगले होते. दर पुरात माणसं वाहून जातात हे त्यांना बघवेना. त्यांनी हुकूम काढला की प्रत्येक घाटावर एक नाव हवी, आणि नाव बांधायला प्रत्येक गावी सागवान धाडलं.

इथवर सगळं छान. पण पंतांची एक रीत होती. पाहणीला निघायचं तर आठ दिवस आधी बाराही गावांत दवंडी पिटायची. गावकऱ्यांची गैरसोय नको, असं ते म्हणत. गावकऱ्यांची काय सोय होत होती, ते ऐका!

पहिल्या गावाने खरोखरच नाव बांधली. उरलेल्या अकरा गावांच्या पाटलांनी सागवानाचे झोपाळे केले आणि आपापल्या ओसरीवर टांगले. प्रत्येक गावी पंत पहिल्याच दिवशी घाट बघत आणि मग दोन दिवस पाहुणचार घेत. तेवढ्यात तीच नाव पुढच्या घाटाला जाई आणि तिथला पाटील तिला नवा रंग फासून घेई.

"वा! हिरवी नाव!" पंत कौतुकाने म्हणत. "मागच्या गावची तांबडी होती." मग ते पाटलाच्या झोपाळ्यावर बसून पुरणपोळी खात आणि कागदावर लिहीत, 'नाव आहे.' नावाडी मुजरा करून बाजूला उभा असे. त्याच्याकडे बघायला पंतांना सवड नसे.

अशी पाच वर्षं गेली.

सहाव्या वर्षी भाद्रपदात नदीने पात्र सोडलं. शेवटचं गाव शेवरवाडी चहूकडून वेढलं गेलं. चाळीस माणसं देवळाच्या चौथऱ्यावर चढून बसली आणि पाणी पायरी पायरीने वर येऊ लागलं. पंत घोडा दामटत अलीकडच्या काठावर आले. त्यांनी वरच्या गावांना स्वार पिटाळले आणि तोंडाशी हात धरून ओरडले, "घाबरू नका! आपल्याकडे बारा नावा आहेत!"

चौथऱ्यावरच्या बायकांनी लेकरांना छातीशी धरलं आणि वाट बघितली.

दुपारी वळणावरून एक नाव आली. पंत वळणाकडे बघतच राहिले. मागून काहीच येईना.

"बाकीच्या कुठे आहेत?"

नावाडी केरू, मूळचा शेवरवाडीचाच, उडी मारून उतरला. वाटेत खडकाला घासून नावेची कड सोलली होती. त्याने तिथे बोट ठेवलं. पिवळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली तांबडा, तांबड्याखाली निळा. पंतांनी एकेक रंग ओळखला. प्रत्येकाचं त्यांनी कौतुक केलं होतं.

"मोजा पंत," केरू म्हणाला. "ह्याच तुमच्या बारा नावा."

पंत चिखलात गुडघे टेकून ती सोललेली कड चाचपू लागले.

नावेत दहा माणसं मावत. पहिल्या खेपेला केरूने लेकरं आणली, दुसऱ्या खेपेला त्यांच्या आया. त्याची स्वतःची आई चौथऱ्यावरच होती. ती म्हणाली, "आधी त्यास्नी ने. मी हाय हितं." तिसऱ्या खेपेला तिने हेच म्हणून आणखी दहा जणांना नावेत चढवलं.

चौथ्या खेपेला केरू गेला तेव्हा चौथरा दिसत नव्हता. देवळाचा कळस तेवढा पाण्यावर होता.

तो रिकामी नाव घेऊन परतला. भयंकर होतं ते! दहा माणसं, आणि त्यांच्यासाठीचं लाकूड अकरा ओसऱ्यांवर झोके घेत होतं.

पंत केरूजवळ आले. "अरे, तुला सगळं ठाऊक होतं. मला एका शब्दाने का नाही सांगितलंस?"

केरूने डोळे पुसले.

"पाटलांनी धमकावलं व्हतं, त्ये खरं. पर पंत, पाच वर्सं बाराही घाटांवर तुमाला मुजरा मीच केला. येकदा जरी माझ्या तोंडाकडं बघितलं असतं, तर मला सांगायची गरजच पडली नसती."

तात्पर्य: दवंडी पिटून पाहणीला जाणाऱ्या कारभाऱ्याला मांडून ठेवलेला देखावाच दिसतो, ज्यांच्यासाठी कारभार करायचा त्या माणसांकडे त्याने न कळवता जावं आणि त्यांच्या तोंडाकडे बघावं, नाहीतर त्याच्या भोळेपणाची शिक्षा तीच माणसं भोगतात.