राणी इरावतीने बांधलेला गोठा

एका राज्यात, जिथे पक्षी बोलत आणि माणसं थांबून त्यांचं ऐकत, तिथे इरावती नावाची राणी होती. राजा लढाईत पडला, तेव्हापासून गादी तीच सांभाळत होती. तिला तीन लेकरं. मंदार, केतकी आणि धाकटी रेवा.

एके दिवशी करालक नावाचा मांत्रिक दरबारात आला. म्हणाला, "राणी, सिंहासन दे."

"देणार नाही," राणी म्हणाली.

करालकाने तळहातावरची राख फुंकली. राख खाली बसली, तर मुलांच्या जागी तीन करडं उभी. मंदार तांबूस, केतकी ठिपक्याठिपक्यांची, रेवा पांढरीशुभ्र. तिघांची वाचाही गेली.

"सूर्य पुरता गिळला जाईल त्या ग्रहणात मी येईन," करालक म्हणाला. "उघड्यावर सापडतील ती जन्मभर माझी. आणि तुझ्या राज्यातलं एकही छप्पर त्यांना झाकणार नाही."

बोलल्याप्रमाणे झालं. राणीने करडं महालात नेली, तो महालाच्या भिंतींचा भुगा झाला. देवडीत नेली, देवडी कोसळली. तेव्हा राजवाड्यामागच्या परसात, उघड्या आभाळाखाली, राणी करडांना पोटाशी धरून राहू लागली. असे महिने गेले आणि ग्रहणाचा दिवस उगवला.

परसातल्या उंबराच्या ढोलीत एक धनेश पक्षीण राहत असे. ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून, स्वतःला आत कोंडून घेऊन ती पिल्लं वाढवी. ती म्हणाली, "राणी, हुकमाने बांधलेलं छप्पर मांत्रिकाला वश असतं. तू तुझ्या हाताने गोठा बांध. पाणी बुडवणार नाही अशी बैठक कर. वारा उडवणार नाही असं छप्पर कर. आणि दार असं लाव, की एकदा लावलंस की तुझा जीव तुटला तरी उघडायचं नाही."

"पहिली दोन कळली. तिसरं नाही कळलं."

"कळेल," पक्षीण म्हणाली आणि ढोलीत शिरली.

प्रधान सोमदत्त हात जोडून आला. "महाराणी, सुतार उभे आहेत."

"परत पाठवा. कोयता तेवढा ठेवून जा."

राणीने पदर खोचला. विहिरीजवळची माती मऊ होती, म्हणून तिने तिथेच खड्डे खणले आणि मेढी रोवल्या. शेवटची मेढ उभी राहते न राहते तोच जमिनीतून पाणी उसळलं. बघता बघता करडं गळ्यापर्यंत बुडाली. राणीने तिघांना ओढून चढावर नेलं. मेढी वाहून गेल्या. तिने नव्या तोडल्या, चढावर रोवल्या आणि त्यांच्यावर गुडघाभर उंच बांबूंचा माच बांधला. दोन बांबूंमधली फट लेंड्या खाली पडाव्यात पण खूर अडकू नये, एवढीच ठेवली. मागून पाणी धावत आलं आणि माचाखालून निघून गेलं.

मग तिने गवत कापलं, पेंढ्या वळल्या आणि छप्पर शाकारलं. पश्चिमेकडून वारा उठला आणि त्याने सगळं छप्पर आभाळात भिरकावून दिलं. सूर्य माथ्याकडे सरकत होता. तिने पुन्हा गवत कापलं. या वेळी पश्चिमेची बाजू काटक्यांच्या कुडाने बंद केली, छप्पर जमिनीकडे उतरतं घेतलं आणि पेंढी न् पेंढी वाखाच्या दोरीने दुहेरी आवळली. बोटं सोलवटली, वाख लाल झाला. वारा पुन्हा आला. मेढी करकरल्या, पण छप्पर जागचं हललं नाही.

पण त्या घोंघावण्याने रेवा बिथरली. माचावरून उडी मारून झाडोऱ्यात पळाली. आणि त्याच वेळी सूर्याची एक कड काळी पडली.

राणीने दाराची ताटी विणायला घेतली. एक डोळा ताटीवर, एक झाडोऱ्यावर. "रेवा! ये गं बाळा, ये!" मंदार आणि केतकी आत एकमेकांना चिकटून उभी. ताटी तयार झाली, तेव्हा भरदुपारी चांदण्या दिसू लागल्या होत्या.

झाडोरा हलला. एक पांढरं करडू बाहेर आलं. त्याच्या मागून दुसरं. तोच रंग, तीच चण, तीच थरथर.

एक करडू म्हणालं, "आई."

किती महिन्यांनी ऐकला तो शब्द! आवाज रेवाचाच होता.

"आई, मला आत घे. मला भीती वाटते."

दुसरं करडू नुसतं 'बें' करून एक पाऊल मागे सरलं. राणीचे हात बोलणाऱ्याकडे गेले होते. मध्येच थांबले. मंदार बोलत नाही, केतकी बोलत नाही. मग हीच कशी बोलते? पण शाप ढिला होत असेल तर? सूर्याची नखाएवढी कोर उरली होती. राणीने मुक्या करडाला झडप घालून उचललं, आत शिरली आणि ताटी ओढून आगळ घातली.

काळोख झाला.

"आई, अगं मी रेवा," ताटीबाहेर कोणी हुंदके देत होतं. "माझी वेणी तू घालायचीस. आई, तो आला बघ. आई, माझा पाय धरला त्याने!"

किंकाळी आली. राणीचा हात आगळीवर गेला. मांडीवरचं करडू गप्प होतं. ते आपलं की परकं, तिला कळत नव्हतं. तिने हात मागे घेतला. पुन्हा आगळीवर गेला, पुन्हा मागे घेतला. शेवटी तिने दोन्ही हात त्या करडाभोवती आवळले, डोळे मिटले आणि ओठ चावून बसून राहिली. बाहेरचा आवाज 'आई, आई' करत बारीक होत गेला.

मग कुडाच्या फटीतून उन्हाची तिरीप आत आली. राणीच्या मांडीवर एकदम भार वाढला. तिने डोळे उघडले, तर रेवा तिच्या कुशीत होती आणि मंदार-केतकी माचावर वाकून बसली होती, कारण छप्पर त्यांच्या डोक्याला लागत होतं.

बाहेर, करडाचं सोंग गळून, करालक पालथा पडला होता. ग्रहणात एकही लेकरू त्याला उघड्यावर सापडलं नाही, म्हणून त्याची विद्या उजेडाने जाळून टाकली होती. प्रधानाने त्याला बेड्या घातल्या. पडलेल्या भिंतींवर गवंडी चढले, दरबार पुन्हा भरू लागला.

संध्याकाळी रेवाने विचारलं, "आई, मी आणि ते सोंगाचं करडू सारखेच दिसत होतो. मला तू ओळखलंस कसं?"

"ओळखलं नव्हतं गं," राणी म्हणाली. "उजेड येईपर्यंत ओळखलं नव्हतं. पण एकदा कुशीत घेतल्यावर सोडलं नाही."

इरावतीची लेकरं जशी उजेडात आली, तशी सगळ्यांची येवोत.