वाघघळीची वाट

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा गावांना वेशी होत्या आणि वेशीबाहेर वाघ होते. मुलांनो, ऐका, आणि मुलांना जवळ घेऊन बसलेल्या थोरांनो, तुम्हीही कान द्या, कारण या गोष्टीत चुकलं ते थोरांचंच जास्त.

डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं आणि त्या नगरावर एका राणीचं राज्य होतं. राणीने डोंगरावर शाळा बांधली आणि दवंडी पिटवली, "या शाळेचं दार सगळ्या लेकरांना उघडं आहे. सुताराचं असो की सरदाराचं, शाळेत पाऊल टाकलं की ते लेकरू माझं."

शाळेकडे जायला दोन वाटा होत्या. एक गाडीरस्ता होता. तो रुंद आणि सावलीचा, त्यावर सतत माणसांची वर्दळ. दुसरी वाट घळीतून जायची. तिथे करवंदीच्या जाळ्या होत्या, ओल्या कपारी होत्या आणि एक वाघीण होती. मेंढके त्या बाजूला मेंढरं फिरकू देत नसत. लाकूडतोडेसुद्धा घळीच्या तोंडाशी आले की कुऱ्हाडी वाजवत पुढे सटकत. नगरातले लोक त्या जागेला वाघघळच म्हणत.

तरीही एक मुलगा रोज वाघघळीतून शाळेत जायचा. त्याचं नाव निळू.

निळू घोंगड्या विणणाऱ्या गोदाबाईचा एकुलता एक मुलगा. गळ्याने गोड आणि हसरा. आधी तोही गाडीरस्त्यानेच जायचा, दौलत नावाच्या आपल्या मित्राच्या खांद्यावर हात टाकून.

मग ती मुलं मोठी झाली, ओठांवर मिसरूड दिसू लागलं. मधल्या सुट्टीत लग्नाच्या गप्पा रंगू लागल्या. कुणाला कोण आवडते, कुणाच्या घरी कुणाचं बोलणं चाललंय. निळू नुसता ऐकायचा.

एकदा घरी परतताना दौलतने विचारलं, "निळ्या, तुला कुणीच कसं आवडत नाही रे?"

निळूने आजूबाजूला कुणी नाही ना, ते पाहिलं. मग म्हणाला, "माझं मन मुलींकडे जातच नाही, दौलत. मुलग्यांकडे जातं. मी ते वळवून पाहिलं. वळत नाही."

"म्हणजे माझ्यावर...?"

"छे रे! तू तर भावासारखा." निळू हसला. "पण कधीतरी कुणीतरी भेटेल, आणि तो मुलगाच असेल. एवढं मला कळून चुकलंय. कुणाला सांगू नकोस हं."

"गळ्याची शपथ," दौलत म्हणाला.

दौलत वाईट नव्हता. पण ती गोष्ट त्याच्या पोटात राहिना. त्याने ती एकाला सांगितली, त्या एकाने चौघांना. शाळेतला दांडगा मुलगा होता संग्राम, नगरच्या कोतवालाचा लेक. दोन दिवसांत ती त्याच्या कानावर गेली.

त्यानंतर निळूच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. पाणी पिऊन त्याने तांब्या ठेवला की मुलं तो मातीने घासत आणि मगच ओठांना लावत. तो कविता म्हणायला उभा राहिला की मागून कुणीतरी बारीक आवाजात त्याच्या चालीची नक्कल करायचं आणि सगळा वर्ग खिदळायचा. त्याच्या वहाणांत काटे सापडत. शेवटी गाडीरस्त्याच्या वळणावर संग्राम आणि त्याचे सोबती दगड घेऊन उभे राहू लागले. दौलतही त्यांच्यातच असायचा. तो दगड मारत नसे. पण सगळे हसले की तोही हसायचा. आपण हसलो नाही तर उद्या दगड आपल्यावर येतील, ही भीती त्याच्या मनात बसली होती.

निळू गुरुजींकडे गेला. गुरुजी विद्वान होते आणि मनाने मऊ होते. त्यांनी निळूच्या कपाळावरची खोक पाहिली आणि नजर खाली घातली. संग्रामचा बाप कोण, ते त्यांना ठाऊक होतं.

"बाळ," ते म्हणाले, "तू जरा वागणं बदल. चारचौघांसारखा राहा. म्हणजे तेही थांबतील."

"गुरुजी, मी काय केलं?"

गुरुजींनी पोथी उघडली आणि ते पुढचा पाठ वाचू लागले.

दुसऱ्या दिवसापासून निळू घळीतून जाऊ लागला.

घळीत उन्हं पोचत नसत. तो पाय न वाजवता चालायचा. कधी चिखलात पंज्याचा ताजा ठसा दिसायचा, पाणी अजून त्यात भरलेलं नसायचं. कधी वारा नसताना जाळी हलायची. निळू थबकायचा, कान देऊन ऐकायचा. तरी तो मागे फिरत नसे.

गोदाबाईच्या लक्षात आलं, ते त्याच्या धोतरातल्या करवंदीच्या काट्यांवरून. तिला आधी खरं वाटेना. एका सकाळी ती लांबून त्याच्या मागोमाग गेली. मुलगा गाडीरस्ता सोडून घळीकडे वळला, तशी ती धावली, त्याचा दंड धरला आणि त्याला ओढत बाहेर आणलं.

"अरे, जिवावर उदार झालास का? वाघिणीची भीती नाही वाटत तुला?"

"वाटते, आई. खूप वाटते."

"मग?"

"वाघीण भुकेली असली तरच अंगावर येईल," निळू म्हणाला. "ती मुलं पोटभर जेवून येतात."

गोदाबाईने त्याला जवळ बसवून घेतलं. मग हळूहळू निळूने सगळं सांगितलं, दौलतला जे सांगितलं होतं तेही. सांगताना तो आईच्या तोंडाकडे बघत नव्हता.

तिने ऐकून घेतलं. ती घाबरली होती, तिला सगळं कळलंही नव्हतं. पण तिने पदराने त्याचा चेहरा पुसला. "तू माझ्या पोटचा आहेस," ती म्हणाली. "बाकीचं मी शिकून घेईन. चल."

ती त्याला घेऊन तशीच शाळेत गेली आणि सगळ्या वर्गासमोर गुरुजींना म्हणाली, "माझं पोर तुमच्या शाळेला भिऊन वाघाच्या तोंडातून ये-जा करतंय, गुरुजी. तुम्ही काय करणार आहात?"

गुरुजी गडबडले. "मुलांनो," त्यांनी हात हलवून सांगितलं, "त्याला चिडवत जाऊ नका." एवढं म्हणून ते ओशाळं हसले. मुलांनी ते हसणं पाहिलं. गोदाबाई गेली. संग्रामला मात्र एक नवी गोष्ट कळली होती: निळू कोणत्या वाटेने येतो.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर गोदाबाई निळूला न्यायला येणार होती. संग्रामने ती यायच्या आत निळूला गाठलं. मुलांनी थाळ्या आणि काठ्या जमवल्या होत्या. शिकारी लोक रानातलं जनावर उठवायला हाकारे घालतात, तसे त्यांनी हाकारे घातले. रस्त्याच्या बाजूने ते अर्धगोल करून चालत आले. थाळ्यांचा कडकडाट, शिव्या, आरोळ्या. निळूपुढे एकच तोंड मोकळं होतं, घळीचं.

तो आत पळाला. मुलं तोंडाशी थांबून थाळ्या बडवत राहिली.

आणि मग आतून वाघीण ओरडली.

थाळ्या एकदम बंद झाल्या. कुणाची तरी थाळी हातातून निसटून दगडांवर खणखणत गेली. संग्राम सगळ्यात आधी पळाला, मग बाकीचे. पळता पळता दौलतचे पाय थांबले. डोंगर गप्प झाला होता. निळूचा आवाज येत नव्हता. दौलत मागे वळला आणि घळीकडे नव्हे, शाळेकडे धावत सुटला.

"गुरुजी!" त्याला धाप लागली होती. "आम्ही त्याला घळीत हाकललं. मीही होतो. वाघीण उठलीय."

शाळेत गुरुजी एकटेच होते. नगरातून माणसं बोलवायची तर तोवर अंधार पडला असता. रस्त्यावर त्यांना गोदाबाई येताना दिसली, आणि तिने विचारायच्या आत त्यांनी सगळं सांगून टाकलं. तिने शाळेच्या चुलीवर लाकडाची चूड पेटवली. गुरुजींनी दुसरी पेटवली. दौलतने घळीच्या तोंडाशी पडलेली थाळी उचलली. तिघं घळीत शिरले.

आत उजेड मावळत आला होता. गुरुजी पुढे होते. ते मोठ्याने हाका मारत होते, "निळू! ए निळू! मी आलोय रे! ओ दे!"

ओ आली नाही.

पुढे एका झुडपाला धोतराची चिंधी लटकत होती. त्याखालच्या खडकावर रक्त होतं. गुरुजींनी पुन्हा हाक मारली. पुन्हा काहीच नाही. त्यांच्या मनात वाईटच आलं आणि त्यांना रडू फुटलं.

तेव्हा गोदाबाईने हाक मारली, "बाळा..."

आणि अगदी जवळून, हाताच्या अंतरावरच्या कपारीतून, आवाज आला, "आई, मी इथे आहे."

निळू कपारीत अंग चोरून बसला होता. पडल्यामुळे त्याचा पाय घोट्यात मोडला होता. समोरच्या खडकावर, चुडीचा उजेड जेमतेम पोचेल इतक्या अंतरावर, वाघीण बसलेली होती. तिचे डोळे पेटल्यासारखे दिसत होते. गोदाबाईने चूड पुढे धरली. दौलत थाळी बडवू लागला. वाघिणीने एकदा दात दाखवले, शेपटी आपटली आणि ती सावकाश जाळीत दिसेनाशी झाली.

गुरुजींनी निळूला पाठीवर घेतलं. उजेडात आल्यावर त्यांनी विचारलं, "बाळ, मी एवढ्या हाका मारल्या. ऐकू नाही आल्या?"

"आल्या."

"मग ओ का नाही दिलीस?"

निळू त्यांच्या पाठीवरून हळूच म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही त्यांच्याबरोबर आला असाल."

नगर येईपर्यंत गुरुजींनी त्याला पाठीवरून खाली उतरवलं नाही.

गोष्ट राणीपर्यंत गेली. दरबार भरला. कोतवाल हात जोडून म्हणाला, "राणीसाहेब, पोरांची मस्करी होती, जरा जास्त झाली एवढंच. पण तो मुलगाही चारचौघांसारखा नाही. त्याला घरीच बसवावा. त्यात त्याचंच भलं आहे, शाळेचंही."

बऱ्याच माना डोलल्या.

तेवढ्यात गुरुजी पुढे आले. "हे कोतवालसाहेबांचं बोलणं नाही, राणीसाहेब. माझंच आहे," ते म्हणाले. "मीच त्या लेकराला सांगितलं होतं, तू बदल. दगड मारणाऱ्यांना मी काही सांगितलं नाही, कारण मी त्यांच्या बापांना भीत होतो. मुलांनी त्याला घळीत एकदा हाकललं. मी तर रोज हाकलत होतो. मला शिक्षा करा."

राणीने निळूला जवळ बोलावलं. तो कुबडी टेकत आला. संग्रामच्या समोरून जाताना त्याने मान आत ओढली. मारणारा हात दिसला की कुत्र्याचं पिल्लू ओढतं तशी. राणीने ते पाहिलं.

"तुला काय हवं?" तिने विचारलं.

"मला शिकायचंय," निळू म्हणाला. "आणि गाडीरस्त्याने जायचंय."

राणी उठून उभी राहिली. "दवंडीत मी म्हटलं होतं, दार सगळ्यांना उघडं आहे. नुसतं दार उघडं ठेवून भागत नाही, हे मला आज कळलं. तेव्हा नीट ऐका. कुणाचं मन कुणाकडे जातं, कोण स्वतःला मुलगा मानतं की मुलगी, यावरून शाळेत किंवा शाळेच्या वाटेवर कुणी कुठल्या लेकराला छळलं, तर छळणारा शाळेबाहेर राहील, छळलेला नाही. संग्राम आणि त्याच्या सोबत्यांना हे शिकून येईपर्यंत शाळेचं दार बंद. कोतवालाचा मुलगा म्हणून त्यात सूट नाही. आणि जो शिक्षक बघून गप्प बसेल, तो छळणाऱ्यांतच मोजला जाईल."

मग ती गुरुजींकडे वळली. "तुम्ही शिकवायचं सोडू नका. पण रोज सकाळी वेशीपासून शाळेपर्यंत मुलांबरोबर चालत जायचं."

गुरुजी त्या दिवसापासून चालू लागले. निळूचा पाय बरा झाला, थोडा लंगडा राहिला. कुणी मागून मोठ्याने हसलं की तो बराच काळ दचकत असे. दौलतने त्याची माफी मागितली. निळूने ऐकून घेतली. पण खांद्यावर हात टाकायला त्याला फार दिवस लागले. संग्राम परत आला तो गप्प गप्प असायचा. त्याच्या मनात काय होतं, ते देवाला ठाऊक. हात मात्र त्याने पुन्हा उचलला नाही.

पण एक गोष्ट घडली, ती कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. एका सकाळी वेशीपासून चालताना एक मुलगी मागे रेंगाळली. अभ्यासात पुढे, वागण्यात शांत. तिच्याविषयी कधी कुणी वावगा शब्द काढला नव्हता. इतर मुलं पुढे गेल्यावर ती गुरुजींच्या जवळ आली.

"गुरुजी," ती म्हणाली, "निळूसारखीच मीपण आहे. माझं मन मुलींकडे जातं. इतकी वर्षं मी कुणाला कळू दिलं नाही. भीती वाटायची."

गुरुजी थांबले. या वेळी त्यांनी नजर खाली घातली नाही.

"आता कुणाची भीती वाटली," ते म्हणाले, "तर आधी मला हाक मार. मी तुझ्या बाजूने येईन."

तात्पर्य: छळ सोसणाऱ्या लेकराला बदलायला सांगू नये, छळणाऱ्याला थांबवावं, कारण थोर माणसं गप्प बसली की शाळेचं रान व्हायला वेळ लागत नाही.