जाळीतला रिकामा चौकोन

बायांनो, बायकांच्या बाजूची ही लाकडी जाळी खुशाल बघा, हात लावा, फोटो काढा. फक्त तिसऱ्या रांगेतल्या त्या रिकाम्या चौकोनातून डोकावू नका. मी या प्रार्थनाघरात चाळीस वर्षं दिवाबत्ती करतो, पण मीही कधी डोकावलो नाही.

पूर्वी बायकांच्या बाजूला जुन्या शिडाचं कापड टांगलेलं असायचं, असं सांगतात. तोराची, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची गुंडाळी, आम्ही तिला सेफेर म्हणतो, बाहेर काढली की पुरुषांना दिसे. बायकांना नुसता आवाज. तेव्हा गावात हसाजी नावाचा आमचाच बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला ज्यू, सुतार होता. त्याची लेक मिल्का देवी आल्याने आंधळी व्हायच्या बेतात होती. हसाजीने आमच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, एलियाहू हनबीला नवस बोलला, ‘पोरीचे डोळे वाचव. दारफळणीच्या सणाआधी अशी जाळी करीन, की शेवटच्या बाईलाही सेफेर दिसेल.’

पोरीचे डोळे वाचले. हसाजीने फणसाच्या लाकडात डाळिंबाची फुलं कोरायला घेतली. एकेक फूल असं, की बघणारा थबकावा. त्या कौतुकातच दिवस सरले.

त्या वर्षी दारफळणी, आमचा वर्षातला सर्वांत मोठा उपास, नेमकी शनिवारी आली, म्हणे. म्हणजे शुक्रवारी सूर्य बुडाला की सणही आणि शनिवारचा शब्बाथही; दोन्हींत कामाला हात लावायचा नसतो. आमच्या लोकांचे तेलाचे घाणे थांबले, लोक पांढऱ्या कपड्यांत जमले. प्रार्थनाघराच्या अंगणात हसाजीची पटाशी चालूच होती.

बायको याकोत बाहेर आली. “अहो, दिवा लागला. ठेवा ती पटाशी.”

“एकच फूल ऱ्हायलंय.”

“ऱ्हाऊ दे रिकामी जागा. नवस ज्याला बोललात त्याला कळतं.”

“त्याचंच काम करतोय ना? त्याला कसला राग?”

टकटक सगळ्यांनी ऐकली. नवसाचं काम म्हणून एकानेही त्याचा हात धरला नाही. मला त्याचाच जास्त राग येतो.

ते फूल त्याने आतल्या जाळीत बसवलं. दुसऱ्या दिवशी मिल्काला मुद्दाम त्याच्याच मागे बसवलं. सेफेर बाहेर आला. पोरीने फुलाच्या नक्षीतल्या फटीला डोळा लावला आणि भर दुपारी विचारलं, “बाबा, दिवे का विझवले?”

सण संपताच हसाजीने ते फूल उपटून खाडीत टाकलं. डोळे परत आले नाहीत. मिल्का म्हातारी होईतो तिथेच बसे, चौकोनातून दोन बोटं बाहेर काढी, आणि सेफेर तिच्या बोटांपाशी थांबे.

आजही शुक्रवारी ऊन कललं की आमच्या गावात अर्धं काम अर्धंच सोडतात. आजही मिरवताना सेफेर त्या चौकोनापाशी थांबतो. मागे कोणी बसत नाही, आणि धरणाऱ्याने डोळे मिटायचे असतात. गेल्या शनिवारी मी धरला होता. जाळीआडून कोणीतरी सेफेरच्या मखमली आवरणावर दोन बोटं टेकवली.

मी डोळे उघडले नाहीत.