भिंगरीचं टरफलभर पाणी

परसात एक नियम होता.
आधी इथले पाणी पितील. मग बाहेरचे पितील.
का, ते विचारायचं नाही.

परसात एक दगडी डोणी होती. सकाळी विहिरीचं पाणी पाटातून यायचं, झुळझुळ झुळझुळ. डोणी भरायची. डोणीच्या काठाशी मिरचीकाकू उभी असायची. तिची फांदी आडवी. कुणी प्यायचं, कुणी थांबायचं, ते काकू ठरवायची.

आणि एक होती भिंगरी. एवढीशी उंदरी. नखाएवढे कान, दोऱ्याएवढी शेपटी. तिच्याकडे एक पेला होता. भुईमुगाच्या शेंगेचं अर्धं टरफल.

भिंगरी रोज थांबायची. थांबायची, थांबायची. तिची पाळी आली की डोणीत काय उरायचं? चिखल.

आज ऊन फार होतं. आज भिंगरी थांबली नाही.
फांदीखालून गेली, तुरुतुरु तुरुतुरु.
टरफल बुडवलं, बुडुक्.
आणि काकूने फांदी मारली, फट्.
टरफल लवंडलं. पाणी सांडलं.

काकू म्हणाली, "तू बाहेरची. मागे हो."
भिंगरी म्हणाली, "मी इथली. मी पायरीखाली जन्मले."
"तुझी आई कशातून आली गं?"
"गोणीतून."
"मग तू गोणीतली. मी बघ. मी इथली. माझ्याशिवाय ठेचा होत नाही."
"पण काकू, तहान लागलीय."
"आधी बटाटेमामा हो म्हणू दे. मग मी हो म्हणेन."

भिंगरी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.
बटाटेमामा होता मातीखाली. भिंगरीने माती वाजवली, टक् टक् टक्.

"बटाटेमामा, बटाटेमामा,
माझं टरफल रिकामं. माझा घसा कोरडा.
काकू म्हणते, आधी मामा.
मामा, हो म्हण."

मातीखालून आवाज आला, घुम् घुम्.
"कोण, गोणीतली का? मला झोपू दे. मी इथला. माझ्याशिवाय उपासाची भाजी होत नाही. आधी झेंडूतात्या हो म्हणू देत. मग मी हो म्हणेन."

भिंगरी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.
झेंडूतात्या कुंपणाशी उभे होते. डोक्यावर केशरी फेटा. मान ताठ.

"झेंडूतात्या, झेंडूतात्या,
माझं टरफल रिकामं. माझा घसा कोरडा.
काकू म्हणते, आधी मामा.
मामा म्हणतो, आधी तात्या.
तात्या, हो म्हणा."

तात्यांनी मान हलवली, डुल् डुल्.
"लांबून बोल. फेट्यावर धूळ उडते. मी इथला. माझ्याशिवाय दसऱ्याचं तोरण होत नाही. आधी पेरूआजोबा हो म्हणू देत. मग मी हो म्हणेन."

भिंगरी निघाली. आता तुरुतुरु नाही. आता धप् धप्. एवढीशी उंदरी, पण धप् धप् धप्.
पेरूआजोबा विहिरीशी उभे होते. सगळ्यांत उंच. सगळ्यांत म्हातारे. अंगाची साल निघालेली.

"पेरूआजोबा, पेरूआजोबा,
माझं टरफल रिकामं. माझा घसा कोरडा.
काकू म्हणते, आधी मामा.
मामा म्हणतो, आधी तात्या.
तात्या म्हणतात, आधी आजोबा.
आजोबा, हो म्हणा."

आजोबांची पानं हलली, सळसळ सळसळ.
"हो म्हणायला माझं काय जातं? पण आधी मिरचीकाकू हो म्हणू दे. मग मी हो म्हणेन."

भिंगरी जागीच थांबली.
तिने बोटांवर मोजलं.

"काकू म्हणते, आधी मामा.
मामा म्हणतो, आधी तात्या.
तात्या म्हणतात, आधी आजोबा.
आजोबा म्हणतात, आधी काकू.
मग मी पाणी प्यायचं कधी?"

आजोबा म्हणाले, "असं विचारायचं नसतं, बाळ."

भिंगरीचे कान लाल झाले. शेपटी ताठ झाली. तिने टरफल दगडावर आपटलं, टाक्.
"मी विचारणार. आजोबा, तुम्हाला हो कोण म्हणालं?"
"मला?"
"तुम्हाला. तुम्ही पहिल्यांदा पाणी प्यालात, तेव्हा कोण हो म्हणालं?"

आजोबांनी आठवलं. पुष्कळ वेळ आठवलं. एक पान गळलं. दुसरं पान गळलं.
"कुणीच नाही," आजोबा म्हणाले. "माझी पणजी जहाजातून आली. समुद्रापलीकडून. इथे खड्डा होता. माती ओली होती. पणजी रुजली. कुणी विचारलं नाही."
"आणि झेंडूतात्या?"
"त्याचीही पणजी जहाजातून."
"बटाटेमामा?"
"जहाजातून. वाटेतच कोंब फुटले होते म्हणे."
"आणि मिरचीकाकू?"
आजोबा हळूच म्हणाले, "तिचीही पणजी जहाजातून. अख्खं जहाज शिंकत होतं."

भिंगरी म्हणाली, "माझी आई गोणीतली, म्हणून मी गोणीतली. तुमची पणजी जहाजातली. मग तुम्ही कुठले?"
आजोबांचं आणखी एक पान गळलं.
"हो म्हणता की नाही?"
"हो," आजोबा म्हणाले. "हो, हो."

भिंगरी निघाली, धप् धप् धप्.
"तात्या, आजोबा हो म्हणाले. तुमची पणजी जहाजातून आली, तेही म्हणाले."
तात्यांचा फेटा खाली झुकला. "हळू बोल गं. हो. हो."

धप् धप् धप्.
"मामा, आजोबा हो म्हणाले. तात्या हो म्हणाले. आणि तुझे कोंब वाटेतच फुटले होते."
मातीखालून आवाज आला, घुम् घुम्. "हो बाई. हो."

धप् धप् धप्.
"काकू, आजोबा हो म्हणाले. तात्या हो म्हणाले. मामा हो म्हणाला. आणि अख्खं जहाज शिंकत होतं."
काकू लाल झाली. मुळातच लाल, ती आणखी लाल झाली.
फांदी वर गेली, सरर.

भिंगरीने टरफल बुडवलं, बुडुक्.
टरफल भरलं. भिंगरी प्याली, गट् गट् गट्.
पाणी गार होतं. पाणी गोड होतं.

काकू म्हणाली, "चला. आजपासून तू इथली."
भिंगरीने मिशा पुसल्या. "मी कालही इथलीच होते."

तेवढ्यात पाटाच्या कडेने कुणीतरी आलं. हळू हळू, सरपट सरपट. एक गोगलगाय. सकाळीच बाजारातून गुलाबाची कुंडी आली होती. त्या कुंडीतून ती आली होती. तिची शिंगं सुकली होती.
"थोडं पाणी मिळेल?" गोगलगाय म्हणाली.

फांदी खाली आली, सट्.
काकू म्हणाली, "कुंडीतली दिसते. भिंगरी, तिला नियम सांग. आता तू इथली आहेस ना?"
तात्या म्हणाले, "सांग, सांग."
मामा म्हणाला, "घुम् घुम्. सांग."
आजोबा म्हणाले, "सांग, बाळ."

भिंगरी म्हणाली, "नाही सांगणार."
"का?"
"का, ते विचारायचं नाही."

भिंगरीने टरफल बुडवलं, बुडुक्.
भरलेलं टरफल घेऊन ती फांदीखालून गेली. एक थेंब सांडला नाही. टरफल तिने गोगलगायीपुढे ठेवलं.

आजोबांचं एक पानही हललं नाही.
सगळ्या परसात एकच आवाज.
चुळुक्. चुळुक्. चुळुक्.
गोगलगाय पाणी पीत होती.