सभा बसली होडीत

राजा रणधवलाच्या ताटात वाढलेला पापलेट इतका नासला होता, की पानाजवळ बसलेलं मांजरही उठून गेलं. राजा तडकला. त्याने कोंढारी बंदराच्या नाखव्याला, म्हणजे पोशाला, दरबारात उभं केलं.

पोशाने नुसते हात जोडले. बोलली त्याची लेक चांगुणा. तिने सांगितलं, की मासळी ताजीच असते. पण 'राष्ट्रीय मत्स्योद्योग उत्तेजक सभा' निघाल्यापासून तिच्या शिक्क्याशिवाय एक टोपलीही किनाऱ्यावर उतरवता येत नाही. सभासद बंदरावरच्या बंगल्यात लोडाला टेकून चर्चा करतात. तोवर मासळी होडीतच कुजते.

सभेचे अध्यक्ष त्र्यंबकराव ताडकन उठले. राष्ट्राच्या उद्योगाला घाई चालत नाही, असं त्यांनी बजावलं. स्वतः त्यांनी जन्मात मासा खाल्ला नव्हता, पण त्याने अध्यक्षपणाला थोडीच बाधा येते!

नियमावर सही राजाची होती आणि राजा हट्टी होता. तो म्हणाला, "नियम मोडायचा नाही. उद्या दुपारी मला ताजा पापलेट हवा, तोही शिक्का मारलेल्या टोपलीतला. नाहीतर बंदर दुसऱ्याला देईन."

बंदर गेलं तर अख्ख्या कोळीवाड्याची चूल विझणार. पोशाने कपाळाला हात लावला. चांगुणा मात्र तडक बंगल्यावर गेली आणि तिने सभासदांना सत्काराचं आमंत्रण दिलं. सभेला कामासाठी जमवणं कठीण, पण शाल-नारळ म्हटल्यावर कोण मागे राहतो? सकाळी सगळे नटूनथटून हजर! चांगुणाने मंडळींना फुलांनी सजवलेल्या होडीत बसवलं आणि शाली पांघरवल्या. शिक्काही पूजेसाठी सोबत घ्यायला लावला. मग पोशाने शीड सोडलं.

दर्या लागला तसे सभासद हिरवेपिवळे पडले. एकाने तर नवी शाल तोंडाला लावली, ती पुन्हा पांघरण्यासारखी राहिली नाही. जाळं वर आलं, होडीत मासळीचा ढीग पडला. त्र्यंबकराव कळवळून म्हणाले, "बाई, आता तरी किनाऱ्याला लाव!"

"कशी लावू, साहेब? शिक्का नाय. तुमचाच नियम हाय. तुमी सावकाश चर्चा करा, आमी थांबतो."

एवढ्यात मोठी लाट आली. चर्चा झाली नाही, सूचना नाही, अनुमोदन नाही. अध्यक्षांनी एका हाताने डोलकाठी धरली आणि दुसऱ्या हाताने टोपल्यांवर धडाधड शिक्के मारले. दोन तर स्वतःच्याच धोतरावर उमटले.

दुपारी राजाने पापलेट चाखला आणि डोळे मिटले. मग विचारलं, "जी सभा चार चार दिवस उठत नाही, तिने सकाळीच काम कसं उरकलं?"

चांगुणा म्हणाली, "म्हाराज, आजवर मासली होरीत कुजायची आनि सभा बंगल्यात बसायची. आज दोघींना एकाच होरीत बसवलं. कुजायची भीती सभेलाबी वाटली!"

राजा इतका हसला, की त्याला ठसका लागला. त्याने कोंढारी बंदर कोळीवाड्याला कायमचं लिहून दिलं, चांगुणाच्या गळ्यात आपला मोत्यांचा सर घातला आणि हुकूम सोडला, "यापुढे सभेची प्रत्येक बैठक होडीतच भरेल."

त्र्यंबकरावांनी तिथल्या तिथे राजीनामा दिला. बाकीच्यांनी त्याला एकमताने अनुमोदन देऊन आपलेही राजीनामे जोडले.